पुण्याचा सालदार

व्हिडिओवर बोलताना फोन कानाला लावायचा नसतो, हे तानुबाईच्या लक्षात यायला दोन बुधवार जावे लागले. पहिल्या बुधवारी पडद्यावर अकोला, वाशीम, मेहकर अशा ठिकठिकाणची माणसं आपापल्या चौकटीत बसलेली दिसत होती, आणि तानुबाईच्या, म्हणजे सोनाळ्याच्या चौकटीत होता नुसता एक कान. कानात बुगडी, आणि बुगडीवर पांढऱ्या केसांची एक बट.

"तानुबाई," बुलढाण्याहून बोलणारी पूनमताई म्हणाली, "बुगडी फार छान आहे हो तुमची. पण आम्हांला तुमचं तोंडही बघू द्या."

"तोंडात काय पाह्यता ताई," तानुबाईनं कानातूनच उत्तर दिलं. "दात पडले माहे."

त्या चौकटींमधली माणसं हसली. हसणं ऐकून तानुबाईही हसली. त्या घरात हसण्याचा आवाज होऊन बरेच महिने झाले होते.

ती सगळी माणसं एकाच कारणानं जमली होती. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी विसरत चाललेलं होतं. कुणाची आई, कुणाचा सासरा, कुणाचा नवरा. अशा माणसाला सांभाळणाऱ्यांसाठी पूनमताईनं फोनवर एक ग्रुप केला होता, 'सोबत' नावाचा. दर बुधवारी अकरा वाजता सगळ्यांनी तोंडं दाखवायची, बोलायचं, रडायचं असेल तर रडायचं. बाकीचे सहा दिवस आवाज भरून पाठवायचा, ताई उत्तर द्यायची. पूनमताई आधी दवाखान्यात नर्स होती, आता हेच काम करायची.

"यजमानांचं नाव काय?" ताईनं विचारलं.

आता आली पंचाईत. पन्नास वर्षांत तानुबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त लग्नात, उखाण्यात. ती गप्प बसली. ताईला वाटलं आवाज गेला. "तानुबाई, ऐकू येतंय का?"

"शालिग्राम," शेजारून बिस्मिल्ला ओरडली. "त्याइचं नाव शालिग्राम हाय. तानी नाही सांगत, लाजते."

बिस्मिल्ला म्हणजे तानुबाईची भिंतीला भिंत लागून शेजारीण. पिंजाऱ्याच्या घरची. नवरा होता तोवर दोघांनी मिळून अख्ख्या सोनाळ्याच्या गाद्या पिंजल्या. नवरा गेला, मुलं सुरतेला गेली, आणि नातवंडांची तोंडं पाहायची तर फोन शिकण्यावाचून बिस्मिल्लाला इलाज उरला नाही. ती शिकली. तानुबाईला शिकवायचं काम तिनंच अंगावर घेतलं, आणि सासूनं सुनेला शिकवावं तशी ती शिकवत होती.

"दाबू नको वं तानी. भाकर थापून राह्यली काय? टिचकी मार."

"मारतो ना मी. त्याले समजतच नाही."

खरंच समजत नव्हतं. उभं आयुष्य कापूस वेचून तानुबाईच्या बोटांची टोकं बोंडाच्या टरफलासारखी टणक झाली होती. फोन त्या बोटांना ओळखेचना. शेवटी बिस्मिल्लानं एकेक बोट लावून पाहिलं आणि डाव्या हाताची करंगळी फोनला पसंत पडली. तेव्हापासून तानुबाई करंगळीनं फोन चालवू लागली, जणू पोराला काजळ लावते आहे.

शिकायला दिवस थोडे होते. पोळ्यापर्यंतची मुदत होती.

त्याचं असं झालं. शालिग्राम दोन-तीन वर्षांपासून विसरत होता, पण त्याच्या विसरण्याला एक क्रम होता. ते पुढून मागे जात होतं. आधी त्याच्या डोक्यातून अलीकडची बीटी कपाशी गेली. शेंदरी बोंडअळीनं दोन सालं पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, पोखरली, पुतण्या निवृत्ती बांधावर डोकं धरून बसला, तर शालिग्राम त्याला विचारी, "कोणती अळी रे?" यात त्याचं फारसं नुकसान झालं असं म्हणता येणार नाही. ती दोन सालं विसरता आली असती तर गावातल्या पुष्कळांनी नवस बोलून विसरून घेतली असती. मग संकरित कपाशी गेली. तिच्यासोबत फवारणीचे पंप गेले, सरकारी खरेदीपुढं लागलेल्या बैलगाड्यांच्या रांगा गेल्या, गाडीखाली झोपून काढलेले दिवस गेले, आणि त्याच काळात जन्मलेला एकुलता मुलगा ज्ञानेश्वरही गेला. असा मागे मागे चालत शालिग्राम देशी कपाशीच्या काळात येऊन थांबला. तिथं तो बावीस वर्षांचा होता. तिथं बियाणं दुकानात मिळत नसे, घरच्या कोठीत असे.

त्या काळी पेरणीआधी सरकी चोळावी लागायची. सरकीला बारीक लव असते, त्यामुळे बी एकमेकाला धरून बसतं आणि पेरताना सरत्याच्या नळीत अडकतं. म्हणून शेण, माती, राख यांचा काला करून त्यात सरकी घोळायची, बाजेवर टाकायची आणि तळहातानं चोळत राहायची. लव बसली की एकेक बी सुटं होऊन बाजेच्या विणीतून खाली टपटप पडतं. शालिग्रामची चोळलेली सरकी अशी सुटी व्हायची की टुनकी-वानखेडपर्यंत त्याला बोलावणं यायचं. नवी नवरी तानुबाई सरता धरून त्याच्या तिफणीमागे चालली तेव्हा पूर्ण शेतात बी एकदाही अडकलं नव्हतं. नवऱ्यात काहीतरी आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

आता बीटीचं बियाणं पाकिटात येतं, गुळगुळीत, औषधाचा रंग चढवलेलं. त्याला चोळायचं काय? पण मे महिन्यात एका सकाळी निवृत्तीनं कोनाड्यात ठेवलेली दोन पाकिटं शालिग्रामनं विळ्यानं कापली, शेणाचा काला केला आणि बाजेवर बसून चोळायला घेतली.

"काका, काऊन केलं हे?" निवृत्ती रडायच्या बेतात आला.

"बिना चोळल्याची सरकी पेरता काय रे तुम्ही?" शालिग्राम शांतपणे म्हणाला. "अडकन सरत्यात. मंग बोंबलत येसान माह्याकडे."

निवृत्तीनं पुण्याला फोन लावला. ज्ञानेश्वर दुसऱ्याच दिवशी आला. बियाण्याचं त्याला काही वाटलं नाही. पण त्या बियाण्यावरचं औषध विषारी असतं, आणि बाबांनी तोच हात तोंडात घातला असता तर? त्यानं बापाला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं, आजाराचं नाव विचारून आणलं आणि संध्याकाळी आईसमोर बसून सांगितलं, की पुण्यात अशा माणसांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे, पोळ्यानंतर तिथं एक जागा रिकामी होते आहे.

"तिथं त्याइले कोण ओळखते?" तानुबाईनं विचारलं.

"माय, इथं तरी ते कोणाले ओळखतात?"

"मातीले ओळखतात. बाजेले ओळखतात. मले सकाळी नाही ओळखत, पण दुपारपर्यंत सवय होते त्याइले माही."

मग तानुबाईनंच तोडगा काढला. डॉक्टरनं सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपचा नंबर दिला होता. ती म्हणाली, पोळ्यापर्यंत मी शिकून घेते. जमलं तर हे इथं राहतील. नाही जमलं तर तू ने, मी आडवी येणार नाही.

"ग्रुप फोनवर चालते माय. तुले साधा फोन उचलता येत नाही."

"तुले चालता येत होतं काय जन्मल्या जन्मल्या?"

तर अशी ती मुदत होती. शालिग्रामचाच जुना फोन तानुबाईनं हाती घेतला आणि बिस्मिल्लाच्या पुढ्यात बसली.

पूनमताईचं पहिलंच सांगणं तिला एकदम पटलं. ताई म्हणाली, "वाद घालू नका. त्यांना आपल्या काळात ओढून आणू नका. त्यांना त्रास होतो. तुम्हीच त्यांच्या काळात जा." बाकीच्यांना हे अवघड जात होतं. वाशीमच्या सुनेनं तर विचारलं, की सासरे ज्या काळात आहेत तेव्हा मी जन्मलेच नव्हते, मी कशी जाऊ? तानुबाईला काय, तो रस्ता पायाखालचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्रामनं रोजच्यासारखं विचारलं, "कोणाची पोर वं तू?"

एरवी ती म्हणायची, मी तुमची बायको, आणि तो घाबरून कोपऱ्यात सरकायचा. आज तिनं चुलीवरून मान न वळवता सांगितलं, "टुनकीच्या देवमन पाटलाची."

"देवमन? लय भला माणूस." शालिग्राम खुलला. पाट ओढून जवळ बसला. आवाज बारीक करून म्हणाला, "त्याची एक पोर लग्नाची हाय म्हणतात. मले पाह्याले जायाचं हाय. तुही बहीण असन. कशी हाय?"

तानुबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "काळी हाय."

"काळी तं काळी. सुभाव?"

"तोंडाची फटकळ. पण कामाले वाघ."

"मंग जमते," शालिग्राम म्हणाला आणि दोन भाकरी खाल्ल्या. एक खायची मारामार होती.

गोळीचं काम बिस्मिल्लानं सोपं केलं. फोनमध्ये घड्याळाचा गजर असतो, त्यात आपला आवाजही भरता येतो. तिनं स्वतःचा भरला. सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला फोनमधून बिस्मिल्ला कडाडायची, "शालिग्रामभाऊ, गोळी घ्या लवकर, मले घरी जायाचं हाय." बायको सांगायची तेव्हा गोळी थुंकणारा शालिग्राम शेजारणीचा खोळंबा नको म्हणून पटकन गिळायचा आणि दाराकडे तोंड करून म्हणायचा, "घेतली वं बाई, जाय आता."

पण दुपार जाता जात नव्हती. दुपारी त्याचे हात काहीतरी शोधायचे. गोधडीचे टाके उसवायचे, दाण्यांचा डबा उपडा करायचे. मग तो उठून चालू पडायचा. एकदा वान नदीच्या वाटेला लागला आणि तासाभरानं सापडला. तानुबाईनं हे कुणालाच सांगितलं नाही. गावात ती म्हणायची, त्यांना बीपीचा त्रास आहे. पुण्याला सांगायची, सगळं ठीक आहे. माणसाचं डोकं गेलं म्हटलं की लोक त्याला वेडा म्हणतात, आणि ज्याच्या हातची सरकी पंचक्रोशीत नावाजली त्याला कुणी वेडा म्हटलेलं तिला सोसलं नसतं.

बुधवारी ताई म्हणाली, "हात काय शोधतात ते बघा, आणि तेच काम द्या."

हात काय शोधतात हे तानुबाईला ठाऊकच होतं. पण लव असलेली, बिनऔषधाची सरकी आता आणायची कुठून? दुकानात पाकिटं मिळतात नाहीतर ढेप, म्हणजे सरकीची पेंड. ग्रुपमध्ये विचारू, असं तिनं ठरवलं. बिस्मिल्ला त्या दिवशी तेल्हाऱ्याला गेली होती, पण जाताना सांगून गेली होती, "चित्र पाह्य. ज्याच्यावर दोन हात हायेत, तो आपला ग्रुप. तिथं बोट दाबून धर आन बोल."

'सोबत'च्या चित्रात दोन हातांनी एक म्हातारा हात धरलेला होता. पण शालिग्रामच्या त्या फोनमध्ये आणखी एका ग्रुपवर दोन हात होते, ओंजळीत पांढराशुभ्र कापूस घेतलेले. तो होता मतीनच्या कृषी केंद्राचा ग्रुप. मतीन गावातला बियाण्याचा दुकानदार. कापसाचा भाव, फवारणीचं औषध, अळीचे फोटो असं तो त्यात टाकायचा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना हातातला कापूस म्हाताऱ्याच्या हातासारखा दिसला. तानुबाईनं करंगळी दाबून धरली आणि मन मोकळं केलं.

"ताई, मी तानुबाई बोलून राह्यली. तुमी म्हणाल्या काम द्या, तं आमच्या ह्याइले चोळाले सरकी पाह्यजे. बिनऔषधाची, लवेची. कुठं भेटन? ते समजतात का अजून देशी कपाशी हाय. मले रोज पुसतात कोणाची पोर तू. मी सांगतो देवमन पाटलाची. परवा तं वानच्या वाटेनं निघून गेले, मी चप्पल न घालता पयाली. लेकाले सांगतलं नाही मी. सांगतलं तं तो घेऊन जाईन त्याइले पुण्याले. ताई, लोकाइले वाटते वेड लागलं. वेड नाही लागलं हो. ते फक्त मांगं गेले, आन मी त्याइच्यासोबत जाऊन बसतो, तं मले बी बरं वाटते. तेवढी सरकी पाहा."

घडाघडा बोलून तिला हलकं वाटलं. ती भांडी घासायला बसली. पहिलं भांडं घासून होईतो फोन टुणटुण करू लागला आणि थांबेचना.

तासाभरात बिस्मिल्ला गाडीतून उतरून तशीच धावत आली. ओढणी खांद्यावरून लोंबत होती. "तानी, काय केलं वं तू हे? तेल्हाऱ्याच्या गाडीत चार जणाइच्या फोनवर तुहा आवाज."

दोनशे एकतीस माणसांनी ऐकलं होतं. फोन शालिग्रामच्या नावावर, त्यामुळे मतीनच्या ग्रुपात 'शालिग्राम' असं नाव उमटलं आणि आवाज बाईचा. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या तानुबाईनं नवऱ्याच्या नावानं अख्ख्या गावाला घरातलं सांगितलं होतं.

"पुसून टाक," तानुबाई म्हणाली. तिचे हात राखेनं भरलेले होते.

"आता काय पुसतं? लोकाइच्या कानातून पुसतं काय?" बिस्मिल्ला खाली बसली. मग तिला आठवलं. "तानी, ज्ञाना बी हाय त्या ग्रुपमंदी. भाव पाह्यते ना तो, पुण्याहून."

तेवढ्यात फोन वाजलाच. ज्ञानेश्वर फार बोलला नाही. "माय, वानच्या वाटेचं मले काऊन नाही सांगतलं? मी निघून राह्यलो. उद्या दुपारी येतो. बाबाचे कपडे भरून ठेव."

तानुबाईनं पेटी काढली, दोन धोतरं घडी करून ठेवली आणि पुन्हा बाहेर काढली. तेवढ्यानं ती दमली. बिस्मिल्लानं फोन घेतला आणि एकेक निरोप लावून ऐकवायला सुरुवात केली. ऐकू नये असंच तानुबाईला वाटत होतं. पण पहिलाच आवाज निवृत्तीच्या शेजारच्या शेतकऱ्याचा. तो म्हणत होता, माझी माय पण असंच करते, आम्ही तिला कोंडून ठेवतो, ही ताई कोण आहे, मला नंबर द्या. दुसरा निरोप तसाच. तिसऱ्यात कुणाचा तरी बाप रोज एसटी स्टँडवर जाऊन बंद पडलेल्या गाडीची वाट पाहत होता. ज्या ग्रुपात वर्षभर अळीचे फोटो आणि पडलेले भाव यांशिवाय काही येत नव्हतं, तिथं माणसं आपल्या म्हाताऱ्यांबद्दल बोलत होती. कुणी वेडा हा शब्द उच्चारला नव्हता. शेवटी मतीनचा आवाज होता: "काकू, सरकी मी आणतो. खामगावच्या जिनिंगमध्ये माझा साडू आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मतीननं मोटारसायकलवरून अर्धं पोतं सरकी आणून अंगणात टाकली. लवेची, मळकट पांढरी. शालिग्रामनं मूठभर घेतली, नाकाशी नेली, दाण्याला नख लावून पाहिलं आणि कामगाराला सांगावं तसं मतीनला सांगितलं, "शेण आण. म्हशीचं नको, गाईचं आण."

मतीन निमूटपणे शेण आणायला गेला. त्याच्या मागे बातमी गेली. केसरबाई आली, ती जुनी सरता धरणारी, कमरेत वाकलेली. मग निवृत्तीच्या शेजाऱ्यानं आपल्या आईला धरून आणलं. तिलाही एका बाजेशी बसवलं. आणखी दोन म्हातारे काठी टेकत आले, ते काही विसरले नव्हते, पण सरकी चोळतात म्हटल्यावर त्यांना घरात राहवेना. राख किती घालायची यावरून वाद लागला. एक म्हणे ओंजळभर, दुसरा म्हणे चिमूट. केसरबाई म्हणाली, "तुमच्या दोघाइच्या हातची सरकी म्या पेरली हाय. दोघाइची बी अडकत होती. शालिग्रामले पुसा."

शालिग्रामनं न बोलता राख घातली आणि तळहात बाजेवर फिरवायला घेतला. विणीतून बी खाली पडायला लागलं. सगळे तो आवाज ऐकत राहिले. तानुबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कपड्यांची पेटी आत उघडीच पडली होती.

दुपारी शेगावहून आलेल्या जीपमधून ज्ञानेश्वर उतरला. खांद्याला बॅग, इस्त्रीचा शर्ट, रात्रभरच्या प्रवासानं लाल झालेले डोळे. अंगणात सात-आठ माणसं शेणात हात घालून बसलेली पाहून तो फाटकाशीच थांबला.

शालिग्रामनं मान वर केली. "कोण रे?"

"बाबा, मी ज्ञा..."

तानुबाईनं दारातून मान हलवली. नको. ज्ञानेश्वरला ते कळलं.

"कामाले आला काय?" शालिग्रामनं विचारलं.

ज्ञानेश्वरनं आईकडे पाहिलं, मग बिस्मिल्लाकडे. बिस्मिल्लानं हातानं खूण केली, बस म्हणून.

"हो," तो म्हणाला. "कामाले आलो."

"मंग उभा काऊन? बस."

त्यानं बॅग ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बाह्या सारल्या आणि बसला. शेणात हात घालताना क्षणभर थबकला तशी केसरबाई म्हणाली, "घाल लेका, चावत नाही ते." सगळे हसले. त्यानं चोळायला घेतलं.

"असं नाही रे," शालिग्राम म्हणाला. "दळण दळून राह्यला काय? जोर लावू नको. हात फक्त फिरव, सरकीले वाटलं पाह्यजे कोणी पाठीवरून हात फिरवून राह्यलं." आणि त्यानं आपले दोन्ही हात मुलाच्या हातांवर ठेवले आणि फिरवले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ज्ञानेश्वरनं मान खाली घातली होती. बापानं त्याचे हात असे शेवटचे कधी धरले होते, ते त्यालाही आठवत नसावं. बी पडायला लागलं तेव्हा शालिग्राम तानुबाईकडे वळून म्हणाला, "पोरगं कच्चं हाय. पण आयकते. याले साल धरून घ्या. जोडा देऊ, घोंगडी देऊ."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. त्या दिवशी ज्ञानेश्वर आपल्याच घरी सालदार लागला.

संध्याकाळी त्यानं आईजवळ विषय काढला. राग उतरला होता, पण काळजी नव्हती उतरली. "आज लोकं आले माय. रोज येतीन काय? तू आंघोळीले गेली आन ते निघाले तं?"

"दोन दिवस राह्य," तानुबाई म्हणाली. "पाह्य. मंग तू म्हणशीन तसं."

पोळ्याची मुदत तिनं स्वतःच दोन दिवसांवर आणली होती. ती रात्र तिला जड गेली.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तानुबाई न्हाणीत, ज्ञानेश्वर ऑफिसच्या फोनवर, आणि शालिग्राम नाहीसा. ज्ञानेश्वर अनवाणी धावला, वानच्या वाटेला, मग परत फिरून स्टँडकडे. घामाघूम होऊन घरी आला तर आई ओल्या केसांनी ओट्यावर बसून करंगळीनं फोनवर टिचक्या मारत होती.

"माय, बाबा नाहीत."

"हायेत. हे पाह्य." तिनं फोन पुढे केला. मतीनचा निरोप होता, फोटोसकट: काका माझ्या दुकानी बसलेत, चहा घेऊन राह्यले, गिऱ्हाइकाला सांगतात की पाकिटातलं बियाणं घेऊ नका. घाई नाही, निवांत या. त्याआधीचे दोन निरोप होते. एकाला शालिग्राम मारुतीच्या पारापाशी दिसला होता, दुसऱ्याला शाळेपाशी. घर सोडल्यापासून दुकानात पोचेपर्यंत त्याला कुणी ना कुणी पाहत होतं, आणि तानुबाईला सांगत होतं.

ज्ञानेश्वर ओट्यावर बसला. "हे कधीपासून?"

"म्या चूक केली ना, तवापासून," तानुबाई म्हणाली. "आधी मी एकटी राखण करत होती. आता दोनशे एकतीस जण हायेत. मतीन म्हणते, धंद्याचं नुकसान करतात काका, पण येऊ द्या."

त्यानं खूप वेळ तो फोटो पाहिला. फोटोत त्याचा बाप बशीतून चहा पीत होता आणि हसत होता. मग तो उठून आत गेला. तानुबाई शालिग्रामला आणायला निघाली होती, पण आतून आवाज आला तशी पायरीवरच थांबली. ज्ञानेश्वर पुण्याच्या त्या संस्थेशी बोलत होता. जपून, शुद्ध बोलत होता. "नाही, आम्हांला गरज नाही आता. ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका. हो. नक्की."

तानुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि चालू लागली. वाटेत तिला बिस्मिल्ला भेटली तर ती नुसतीच म्हणाली, "राह्यले." बिस्मिल्लानं रस्त्यातच तिला मिठी मारली.

बुधवारी पूनमताईनं विचारलं, "तानुबाई, हातांच्या कामाचं काय झालं? मला तुमचा काही निरोपच नाही आला." तेव्हा सोनाळ्याच्या, आता एकाच्या पाच झालेल्या, चौकटी एकदम हसू लागल्या. ताईला सगळं सांगायला अर्धा तास लागला, कारण पाचही जण एकाच वेळी सांगत होते.

ज्ञानेश्वर परत जायला निघाला त्या सकाळी शालिग्रामनं त्याला फाटकात अडवलं. "कुठं चालला?"

"जरा गावाले जाऊन येतो मालक."

"साल मोडू नको. सालदारानं सालभर राह्यलं पाह्यजे."

"नाही मोडत. रोज सकाळी काम पुसाले येईन मी."

शब्द त्यानं पाळला. आता रोज सकाळी सात वाजता सोनाळ्याच्या त्या घरात फोन वाजतो. तानुबाई करंगळीनं उचलते, भिंतीला टेकवून ठेवते, आणि पडद्यावर पुण्याचा सालदार दिसतो. कधी केस ओले असतात, कधी मागे त्याची बायको डबा भरताना दिसते.

"राम राम मालक. आज काय काम?"

शालिग्राम पाटावर मांडी घालून बसतो. बांधावरचं गवत कापायचं सांगतो, बैलांची वेसण बदलायला सांगतो, तिफणीचा फण झिजला तो लोहाराकडे नेऊन आण म्हणतो. बैल पंधरा वर्षांपूर्वी विकले. ज्ञानेश्वर सगळं वहीत लिहून घेतल्यासारखं करतो, मधूनच विचारतो, "आन सरकी कधी चोळाची मालक?" मग शालिग्राम त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतो, राख किती, शेण कोणाचं, आणि हात कसा फिरवायचा. बाप मुलाशी इतकं कधीच बोलला नव्हता.

तो पाव तास तानुबाईचा असतो. ती ओट्यावर जाऊन बसते, बिस्मिल्ला तिकडून येते, आणि दोघी कप भरून चहा पितात. आतून मालकाचा आवाज येत राहतो. मधेच तो हाक मारतो, "ओ देवमन पाटलाच्या पोरी, पोरगं चांगलं निघालं हो."

"माहीत हाय मले," तानुबाई बाहेरूनच म्हणते आणि चहाचा घोट घेते.